रुळलेली मुलगी

आमची मुलगी दहा महिन्यांची असताना आम्ही तिला सांगलीला माझ्या थोरल्या भावाकडे ठेवलं आणि ती तीन वर्षांची झाल्यावर परत आणलं. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. चारचौघांत विषय निघाला की मी "मध्ये थोडे दिवस ती इंडियात होती" असं म्हणायचो आणि कोणाला तरी चहा हवाय का ते विचारायचो. सव्वादोन वर्षांना थोडे दिवस म्हणणारा माणूस मी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला यात जगावेगळं काही नव्हतं. ॲरिझोनात आमच्या ओळखीची जी मोजकी मराठी घरं होती, त्यांतल्या तिघांनी मुलं अशीच घरी पाठवली होती. मी विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्समध्ये पुढचं शिकत होतो. बायको फिजिओथेरपीच्या इथल्या परीक्षांना बसत होती आणि पाळणा पायाने हलवत वाचत होती. वहिनींनी आपणहून पत्र लिहिलं की दोन मुलगे आहेतच, तिसरं मूल मला जड नाही, घेऊन या. आम्ही दोघं तिला घेऊन गेलो, तीन आठवडे राहिलो, आणि निघायच्या दिवशी शेजारच्या मुलीने तिला कोंबड्या बघायला नेलं तेवढ्यात रिक्षात बसलो. लहान मुलाला सांगून निघायचं नाही, त्याची नजर चुकवून निघायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मूल रडत नाही, जाणाऱ्याचा पाय अडखळत नाही. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंही नाही. बायकोला वाटलं होतं. ती मिरजेपर्यंत मागे वळून बघत होती.

आणायला मी एकटा गेलो. मधल्या काळात वहिनी रोज जेवायच्या आधी तिला आमचा फोटो दाखवून "ह्या तुझ्या मम्मी, हे तुझे डॅडी" असं म्हणवून घेत होत्या. इतकी प्रामाणिक बाई मी दुसरी पाहिलेली नाही. पण आई म्हणजे वहिनी आणि बाबा म्हणजे माझा भाऊ, हे पोरीने कोणी न शिकवता ठरवून टाकलं होतं. मुंबईच्या विमानतळावर दोघं सोडायला आले. आत जायची वेळ झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला एकदा तिला सांगून जाऊ द्या."

मी नको म्हणालो. रडेल, विमानात त्रास होईल, म्हणालो. मग मी तिला कडेवर घेऊन काचेपाशी नेलं, "चल, विमान बघूया" म्हणालो, आणि मागे वळून वहिनींना हाताने खूण केली. ती खूण मी केली. कोणी मला सांगितलं नव्हतं.

विमानात तिने एकदाच विचारलं, आई कुठंय. मी सांगितलं, मागून येतेय. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. वीस-बावीस तासांत ती एकदाही रडली नाही. हवाई सुंदरीने तिला रंगीत खडू दिले आणि इतकं शहाणं मूल मी पाहिलं नाही असं मला सांगितलं. घरी पोचल्यावर मी भावाला लिहिलं, अजिबात त्रास दिला नाही, छान रुळली.

खरंच रुळली होती. तशी सगळी लक्षणं होती. "डॅडी, मी पाणी पिऊ का?" "डॅडी, मी इथे बसू का?" आम्हा दोघांना ती अहोजाहो करायची. ताटात वाढलेलं संपवायची, खेळणी जागेवर ठेवायची. डे-केअरमध्ये सोडलं की मागे न बघता आत जायची आणि घ्यायला गेलं की चपला घालून मुकाट्याने गाडीत बसायची. तिथल्या बाईंनी आम्हाला थांबवून विचारलं होतं की तुम्ही लोक मुलांना हे कसं शिकवता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत इतर मुलं आईच्या साडीला लोंबकळत होती आणि आमची खुर्चीवर हात मांडीवर घेऊन बसली होती. मी बायकोकडे असं बघितलं, जसं काही आम्ही दोघांनी मोठं काम करून दाखवलंय.

बायकोने नजर दुसरीकडे वळवली. गाडीत म्हणाली, "पाहुणी आहे ती आपल्याकडे. तुला दिसत नाही का रे?" बायको मला अमेरिकेत आल्यावर अरे म्हणायला लागली होती. फोनवर सासूबाई असल्या की तेवढ्यापुरतं अहो.

मला खरंच दिसत नव्हतं. मला ते दिसलं एका यंत्रामुळे, म्हणून आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी आमच्या विभागातली माझी शिष्यवृत्ती संपली आणि मला मानसशास्त्र विभागात काम मिळालं. तिथे लहान मुलांच्या आईवडिलांशी असलेल्या नात्याचा अभ्यास चालायचा. एक खोली होती. तिच्या एका भिंतीला अशी काच होती की आतून आरसा दिसावा आणि आमच्या बाजूने सगळं आरपार दिसावं. आतमध्ये वर्षभराचं मूल आईबरोबर खेळत असे. मग ठरलेल्या वेळी आई खोलीबाहेर जायची, थोड्या वेळाने परत यायची. मानसशास्त्राची मंडळी काचेमागे बसून वहीत टिपत. माझं काम कॅमेरे आणि व्हिडिओ सांभाळायचं. शिवाय काही मुलांच्या छातीला छोट्या वायरी चिकटवलेल्या असत, त्यांच्या नाडीचा आलेख एका कागदी गुंडाळीवर उमटत असे. तो नीट उमटतोय ना ते मी बघायचं.

बहुतेक मुलं आई गेली की भोकाड पसरत. नाडी चढे. आई आली, तिने उचललं, की काही क्षणांत रडं थांबे आणि रेघ खाली येई. हे मला समजत होतं. एके दिवशी एक मुलगा आला. आई गेली, याने मान वर केली नाही. ठोकळे रचत बसला. आई परत आली तरी ठोकळेच. मी मनात म्हटलं, हा आमच्या जातीचा. आणि कागदाकडे बघितलं तर रेघ चढलेली. रडणाऱ्या मुलांइतकीच. फरक एवढाच की आई आल्यावरही ती खाली येत नव्हती.

मी दोन दिवस यंत्रात बिघाड शोधत होतो. वायरी बदलल्या, दोन जोड नव्याने झाळले, स्वतःच्या छातीला लावून बघितलं. तिसऱ्या दिवशी विभागाच्या प्रमुख प्राध्यापक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, पायात कायम टेनिसचे बूट. त्यांनी मला खाली बसून स्क्रू उघडताना पाहिलं आणि म्हणाल्या, "यंत्र बरोबर आहे. ते मूल शांत नाहीये, ते फक्त गप्प आहे."

मी स्क्रू परत बसवले. एक तिरका बसला.

काही दिवस मी काढले. मग एका दुपारी त्यांच्या खोलीचं दार वाजवलं आणि आमच्या मुलीबद्दल सांगितलं. म्हणजे, सांगितलं ते असं की आमच्याकडे एकत्र कुटुंब असतं, मूल एकट्या आईवर वाढत नाही, काकू, आत्या, सगळ्या त्याच्या आयाच असतात, तेव्हा तुमचा हा अभ्यास आम्हाला कितपत लागू होतो. मला भांडायचं होतं. त्या मुळीच भांडल्या नाहीत. म्हणाल्या, मुलाला एकाहून जास्त माणसं असू शकतात, असलेली चांगलीच. फक्त त्यातलं प्रत्येक माणूस त्याच्यासाठी वेगळं असतं. "तू इंजिनिअर आहेस. हा बदलून तो बसवला, असा तो पार्ट नाही."

मग त्यांनी आपलं स्वतःचं सांगितलं. त्या मूळच्या मनोविश्लेषक. माणसाला कोचावर झोपवून त्याच्या बालपणापर्यंत जायचं, ती पद्धत. त्या शिकत होत्या तेव्हा त्यांना बजावलं होतं की मुलावर उपचार करताना त्याच्या आईला भेटायची गरज नाही. मुलाच्या मनातली आई महत्त्वाची, घरातली नव्हे. मूल घाबरतं ते त्याच्या आतल्या कल्पनांना. पण त्याच मंडळींतले काही जण उठून प्रत्यक्ष मुलं बघायला गेले. इस्पितळात एकटी ठेवलेली, आईपासून तोडून लांब पाठवलेली. आणि त्यांना जे दिसलं ते लिहिल्यावर त्यांच्याच लोकांनी नाकं मुरडली, हे काय मनाचं शास्त्र झालं, असं म्हणत. आज ज्याला जोडलेपणाचा सिद्धांत म्हणतात तो अशा घरच्या भांडणातून निघालेला आहे, हे फारसं कोणाला माहीत नसतं, असं त्या हसत म्हणाल्या. त्यांनाही एका गुरूंनी ऐकवलं होतं की तुम्ही आता मन सोडून पाळणे मोजायला लागलात.

त्या लोकांना काय दिसलं, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, मूल आधी ओरडतं, मग खिन्न होतं, आणि मग चांगलं वागायला लागतं. दाईला हसून दाखवतं, खाऊ घेतं, आई भेटायला आली तर तिच्याकडे परक्यासारखं बघतं. "आणि तेव्हा सगळ्यांना हायसं वाटतं."

याला आमच्याकडे रुळणं म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी मला माझ्या लहानपणाबद्दल विचारलं. उत्तम गेलं, म्हणालो. एखादा प्रसंग सांग, म्हणाल्या. मला आठवेना. बऱ्याच वेळाने आठवलं ते एवढंच की मी पाच वर्षांचा असताना आई माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, आणि मी रडलो नाही म्हणून वडिलांनी आल्यागेल्याला कौतुकाने सांगितलं होतं. हे मी हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. कोण आपलं बालपण कसं सांगतो, नुसतं उत्तम म्हणून हात झटकतो का, हेही आम्ही हल्ली ऐकायला लागलोय, म्हणाल्या. मग एक प्रश्न विचारला, आणि तो मला अपेक्षित नव्हता. मी तयारी करून गेलो होतो ती मुलीला भारतात ठेवल्याबद्दल बोलणी खायची. त्यांनी विचारलं, "जिच्याजवळून तू तिला आणलंस, ती बाई कुठे गेली असं तुम्ही मुलीला सांगितलंय?"

काहीच सांगितलं नव्हतं. उलट घरात वहिनींचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. विसरेल हळूहळू, या हिशेबाने. त्यांचे फोटो मी कपाटात वर टाकले होते. आणि कबूलच करायचं तर त्याहून वाईट असं एक होतं. त्या दिवसांत फोन लागणं मुश्कील, म्हणून घरोघरी कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. भारतातून कोणी येणार असलं की त्याच्या बॅगेतून कॅसेट यायची. वहिनींच्या तीन कॅसेट आल्या होत्या, खास मुलीसाठी भरलेल्या. त्या मी स्क्रूड्रायव्हरच्या खणात खाली ठेवल्या होत्या. बायकोला त्यातली एकच माहीत होती. मुलीला त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण असं की तिने आई-बाबा म्हणून दुसऱ्या कोणाचा आवाज ओळखलेला मला बघवला नसता. मी देऊन टाकलेलं मला पूर्ण परत हवं होतं.

घरी येऊन बायकोला तिन्ही कॅसेट दाखवल्या. तिने खणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लॅबमधली लोकांची पोरं काचेतून बघतोस," ती म्हणाली. "घरातल्या पोरीचं एवढं लपवलंस?" मग ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मला दार उघडलं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवला. मुलगी चित्राला रंग देत होती. वहिनींचा आवाज आला, नेहमीचा, थोडा घाईचा, मागे कुकरच्या शिट्ट्या. कशी आहेस गं माझी चिमणी. दादाने सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतलाय. मनीला तीन पिल्लं झालीत, एकाचं नाव तू ठेवायचंय.

ती रंग देत राहिली. अगदी त्या ठोकळेवाल्या मुलासारखी, खाली मान घालून. या वेळी माझ्यापुढे आलेख नव्हता, पण मला त्याची गरज नव्हती. खडू कागदाच्या बाहेर जाऊन फरशीवर चालत होता. मग ती उठली, जेवणाच्या टेबलाखाली गेली आणि तिथून एक आवाज आला. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी खाली वाकलो तर तिने दोन्ही मुठींनी मला मारायला सुरुवात केली. चष्मा पडला.

"तू विमान बघूया म्हणालास," ती ओरडली. "मी बघितलं. आणि तू माझी आई हरवलीस."

टेबलाखाली माझ्या मापाची जागा नव्हती, तरी मी आत शिरलो. मी तिला सांगितलं, "हो. मी तुला फसवलं. आई आपणहून गेली नाही. तिला तुला सांगायचं होतं. मी नको म्हणालो."

ती मारत राहिली. नंतर मारून दमली आणि रडली, पुष्कळ रडली, जणू आठ महिन्यांचं साठलेलं. माझ्या मांडीवर नाही, बायकोच्याही नाही; टेबलाच्या पायाला धरून. पण आम्ही दोघं तिथे बसलेलो तिला चालत होतं. शेवटी बायकोनेच विचारलं, सांगलीच्या आईचा आवाज परत लावू का. सांगलीची आई हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात आला आणि तो माझ्या बायकोने आणला. ज्या बाईने आपलं मूल गमावलं तिनेच दुसरीला आई म्हणावं, याला किती मोठं मन लागतं, ते मला तेव्हा नीट कळलं नाही. आता कळतं, आणि मी ते कोणालाही छाती काढून सांगतो.

पुढचे काही महिने आमच्या घराची दशा झाली. जी मुलगी पाणी विचारून प्यायची ती पेला फेकायला लागली. अंथरूण ओलं करायला लागली. बायकोने गाडीच्या किल्ल्या उचलल्या की हिचं किंचाळणं सुरू. मी न्हाणीघरात गेलो की बाहेर दाराला टेकून बसायची. अहोजाहो कधी गेलं ते कळलंही नाही. मंडळातल्या एका काकूंनी दृष्ट काढायला सांगितलं. दुसऱ्या म्हणाल्या, इतकी गुणी होती, अमेरिकेचं वारं लागलं. मी प्राध्यापक बाईंना भीतभीत सगळं सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला, म्हणाल्या, छान चाललंय. हे मी घरी येऊन सांगितल्यावर बायको म्हणाली, "एवढं छान असेल तर तुझ्या बाईंकडेच दोन दिवस ठेवू या. त्यांचे ते टेनिसचे बूटही चावेल ती."

वहिनींना मी पत्र लिहिलं. विमानतळावर मी काय केलं आणि कॅसेट कुठे ठेवल्या, ते सगळं. त्यांचं उत्तर आलं त्यात त्याबद्दल एवढंच होतं की तुम्ही खूण केलीत तेव्हा मी खांबामागे उभी राहून तिचं झबलं धरून होते, आता तिला माझं नाव घेऊ देता यातच सगळं आलं. खाली पिल्लाच्या नावाची आठवण.

आणि घरात मी एक नियम केला. या घरातून कोणीही तिची नजर चुकवून जाणार नाही. जायचं तर सांगून जायचं, कधी येणार ते सांगायचं, आणि त्याच वेळेला यायचं. रडली तर रडू द्यायचं. आमचे मित्र थट्टा करत. टपालपेटीपर्यंत जाताना हा पोरीची परवानगी काढतो, असं म्हणत. काढत होतोच. चूक करण्यात मी कमी पडलो नव्हतो, तर ती निस्तरण्यात कमी पडायचं नाही असं ठरवलं होतं. तोपर्यंत माझं शिक्षण संपलं होतं आणि मी चँडलरला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलो होतो. मीटिंग अर्धी टाकून उठायचो, कारण साडेपाच म्हणून सांगितलेलं असायचं.

साडेपाच वर्षांची झाल्यावर ती किंडरगार्टनला गेली. पहिल्या दिवशी मीच सोडायला गेलो. वर्गाच्या दारात तिने माझी पँट दोन्ही हातांनी पकडली आणि मोठ्याने रडायला लागली. बाकीची बरीच मुलं आत गेली होती. शिक्षिका तरुण होती, मायाळू होती. तिने एका बाहुलीकडे बोट दाखवून मुलीचं लक्ष वेधलं आणि मला डोळ्यांनी खुणावलं, आता निघा.

मी निघालो नाही. खाली बसलो, मुलीचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि सांगितलं की मी आता जाणार आहे, अडीच वाजता याच दारात येईन. ती आणखी जोरात रडली. मी उठलो आणि तिच्यादेखत गेलो. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तो आवाज मागून येत होता. एखाद्या बापाला आपलं मूल स्टेजवर बक्षीस घेताना बघून काय वाटत असेल ते मला त्या व्हरांड्यात वाटलं. रडत होती, माझ्यासाठी रडत होती, आणि हे अख्ख्या शाळेला ऐकू जात होतं.

अडीचला पाच कमी असताना मी दारात होतो. शिक्षिका म्हणाली, दहा मिनिटांत शांत झाली, मग सगळ्यांशी खेळली. मुलगी बाहेर आली, मला पाहिलं, डबा माझ्या हातात कोंबला आणि कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. तोवर तिची भाषा इंग्रजी झाली होती. "आय न्यू यू वुड कम," ती म्हणाली. "आय ॲम स्टिल मॅड."

मी म्हटलं, बरोबर आहे, राहा रागावलेली. गाडीत बसल्यावर दुसऱ्या सिग्नलपर्यंत ती रागावलेली राहिली. मग शेजारी बसणाऱ्या मुलाने तिचा जांभळा खडू कसा घेतला, ते सांगायला लागली आणि घर येईपर्यंत थांबली नाही.